जुन्या गाडीसाठी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर: घ्यावा की नाही?

गाडीतल्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा, चार-पाचशे रुपयांत मिळणारा ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव) चा निळा ब्लूटूथ डबा २०१३ नंतरच्या गाडीला खुशाल घ्या. त्याआधीची गाडी असेल तर मात्र दुकानासमोर गाडी उभी करा, लावून बघा आणि मगच पैसे द्या.

भारतात ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीने आपला बिघाड ठरलेल्या कोडमध्ये सांगायच्या पद्धतीची, सक्ती एप्रिल २०१३ पासून. त्यामुळे जुन्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा घरांचं सॉकेट दिसलं म्हणून स्कॅनर बोलेलच असं नाही. टॉर्च मारून बघा: ६ आणि १४ नंबरच्या घरात पट्टी असेल तर कॅन लाइन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची नवी, वेगवान वायर. ती घरं रिकामी आणि ७ नंबर भरलेलं असेल तर के-लाइन, म्हणजे जुनी, संथ वायर.

नकली डबे अडतात ते इथेच. कित्येकांत के-लाइनचं सर्किटच बसवलेलं नसतं. दिवे लागतात, फोन जोडला जातो, पण ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) काही केल्या सापडत नाही. स्टिकरवरच्या '१.५' ला भुलू नका, ईएलएम ३२७ च्या मूळ कंपनीने ती आवृत्ती कधी काढलीच नाही.

डबा लावा, चावी ऑन करा, फोनवर १२३४ किंवा ०००० टाकून जोडा. गाडी के-लाइनची असेल तर स्कॅनरच्या अॅपमध्ये प्रोटोकॉल (ईसीयूशी बोलायची पद्धत) 'ऑटो' न ठेवता आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी हे के-लाइनचे प्रकार निवडून बघा. ९१४१ मध्ये ईसीयूला जागं करायलाच दोन सेकंद जातात, तेवढा दम धरा. रीडिंगही सावकाश येतात, म्हणून एका वेळी दोनच मीटर उघडा.

सांगलीत सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाडीचं हे सॉकेट गाळात गेलेलं असतं आणि पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. १६ आणि ४ नंबरमध्ये मल्टीमीटरवर १२ व्होल्ट यायलाच हवेत. नाही आले तर आधी फ्यूज, मग अर्थिंग तपासा. थर काढायला बॅटरीची निगेटिव्ह सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सुईने अजिबात खरवडू नका! पट्टी फाकते आणि मग चांगला स्कॅनरही लूज बसतो.

कोड आला की आधी लिहून घ्या. खोडलात तर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड झाला तेव्हाचं आरपीएम, तापमान सगळं गेलं. पी ०३३५ आला म्हणून लगेच क्रँक सेन्सर (इंजिनच्या क्रँकचं फिरणं टिपणारा) बदलू नका, तो कोड सर्किटचा आहे. आधी कपलर आणि वायर बघा. एअरबॅग, एबीएसचे कोड या डब्यात सहसा दिसत नाहीत, त्यासाठी वायरिंगवाल्याकडचा मोठा स्कॅनरच लागतो.

काम झालं की डबा काढून ठेवा. १६ नंबरला चावी बंद असतानाही करंट असतो, आणि चार-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची जुनी बॅटरी त्याने बसू शकते.