सिंगापूर: चायनाटाउन की कंपोंग ग्लाम?

भाचीच्या हातात सिंगापुरात फक्त अर्धा दिवस आहे. "मामा, दोन्हीपैकी काय सोडू?" असं तिनं विचारलं. चायनाटाउन म्हणजे जुनी चिनी वस्ती, कंपोंग ग्लाम म्हणजे जुनी मलय-अरब वस्ती; दोन्हीकडे मी पायी हिंडलोय.

पाहण्यासारखं म्हणाल तर चायनाटाउनचं पारडं जड. नाव चिनी, पण साउथ ब्रिज रोडवर १८२७ मध्ये स्थापन झालेलं मारिअम्मनचं देऊळ, त्याच्या शेजारीच जामे मशीद आणि थोडं पुढे बुद्धाच्या दाताचं मंदिर. तीन धर्म, चालत पाच-सात मिनिटं. बुद्धमंदिर जुनं वाटतं, पण आहे २००७ चं! गच्चीवरची बाग चुकवू नये. कंपोंग ग्लाममध्ये मुख्य आकर्षण एकच, सुलतान मशीद. तिच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी काळा पट्टा दिसतो ना, तो गरिबांनी दिलेल्या काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा. मला तरी हा पट्टा घुमटाहून आवडला.

खर्च? या मंदिर-मशिदींना तिकीट नाही, त्यामुळे फरक खरेदीत. चायनाटाउनच्या पगोडा स्ट्रीटवर त्याच त्या शोभेच्या वस्तू; कंपोंग ग्लामच्या अरब स्ट्रीटवर कापड आणि गालिचे.

शाकाहाऱ्यांना चायनाटाउन सोपं, बुद्धमंदिराच्या तळघरातच शाकाहारी जेवण मिळतं.

देवळं-इतिहास हवा असेल, आईबाबा सोबत असतील, तर चायनाटाउन. हाजी लेन या गल्लीतली भिंतींवरची चित्रं, कॉफी, फोटो हवेत तर कंपोंग ग्लाम. फक्त शुक्रवारची दुपार टाळ, नमाजाच्या वेळी पर्यटकांना मशिदीत प्रवेश नसतो. आणि वेळ उरलाच तर चायनाटाउनहून बुगिसला, म्हणजे कंपोंग ग्लामजवळच्या स्टेशनला, मेट्रो न बदलता जाता येतं.