पुण्यतिथी, जयंती, अल्बमची तारीख की शोची तारीख? रॉक-पॉप ऐकायला नेमका कुठला दिवस धरायचा

एका मित्राने परवा विचारलं, आम्ही पाच-सहा जण वर्षातून सहा-सात संध्याकाळी एकत्र बसून जुनं रॉक-पॉप ऐकायचं म्हणतोय, दर वेळी त्या तारखेला काहीतरी घडलेलं पाहिजे, तर कुठल्या तारखा घेऊ? आता यादी काढायला बसलात तर रोज काही ना काही असतंच, कोण तरी जन्मलेलं असतं, कोण तरी गेलेलं असतं, कुठला तरी बँड फुटलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं की आधी तारखेची जात ठरवा आणि मग महिना बघा. मी हा उद्योग दोनेक वर्षं केलाय आणि त्यात आपटलोय पण, तर त्या जोरावर लिहितोय.

पुण्यतिथी सगळ्यात सोपी, कारण कुणाला काही समजवायला लागत नाही. १६ ऑगस्ट म्हटलं की एल्विस (१९७७, मेम्फिस, वय फक्त ४२), २४ नोव्हेंबर म्हटलं की क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, ८ डिसेंबर म्हटलं की बीटल्सचा जॉन लेनन. माणसं पण जमतात, इतर कुठल्या दिवसापेक्षा जास्तच जमतात. घोळ पुढे होतो. आम्ही ५ एप्रिलला निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची संध्याकाळ ठेवली होती, दोन तास बसलो, त्यातला दीड तास तो कसा गेला, का गेला, चिठ्ठीत काय होतं यातच गेला आणि रेकॉर्डची दुसरी बाजू लावायचीच राहिली. बरं ती ५ तारीख पण अंदाजाचीच आहे, १९९४ च्या ८ एप्रिलला घरी कामाला आलेल्या इलेक्ट्रिशियनला तो दिसला, आणि तीन दिवस आधी गेला असणार हे डॉक्टरांनी काढलं. त्यात पुन्हा कुणीतरी वय २७ काढतोच, म्हणजे त्या वयात गेलेल्या रॉकवाल्यांची यादी. रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स ३ जुलै १९६९, डोर्सचा जिम मॉरिसन बरोब्बर दोन वर्षांनी ३ जुलै १९७१, मधे गिटारवाला जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० आणि गायिका जॅनिस जॉप्लिन लगेच १६ दिवसांनी ४ ऑक्टोबरला, सगळे २७ चे. हे एकदा निघालं की गाणी राहिली बाजूला, संध्याकाळ ज्योतिषाच्या हातात गेली म्हणून समजा.

लेननच्या तारखेचं तर मला चांगलंच लक्षात राहिलंय. मी ८ डिसेंबरला सकाळी उठल्या उठल्या श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, तर खाली एकाने लिहिलं, अरे थांब, हिशोबाने अजून आहे तो, स्टुडिओत जायचाय अजून. खरंच होतं त्याचं, गोळ्या झाडल्या त्या न्यूयॉर्कमध्ये रात्री पावणेअकराच्या पुढे, आणि तेव्हा लंडनमध्ये ९ तारखेची पहाट झाली होती. त्या दिवशी तो सकाळी फोटो काढून घेत होता, मग रेडिओची मुलाखत, मग संध्याकाळी स्टुडिओत बायको योकोच्या गाण्याचं मिक्सिंग. म्हणजे पुण्यतिथी घेतलीत तर निदान कुठल्या गावच्या घड्याळाने ते ठरवून घ्या.

पुण्यतिथ्यांमधली एकच मी डोळे मिटून घेईन, ३ फेब्रुवारी. १९५९ चा हिवाळा, टूरच्या बसमधला हीटर बंद पडलेला, इतकी थंडी की ड्रमर पाय गारठून हॉस्पिटलात गेलेला, म्हणून गायक बडी हॉलीने अमेरिकेत आयोवातल्या क्लिअर लेकचा शो झाल्यावर छोटं विमान ठरवलं. हॉलीच्या बँडमधल्या वेलन जेनिंग्सने आपली सीट टूरवरच्या बिग बॉपर या गायकाला दिली कारण बॉपरला फ्लू झाला होता, तिसरा गायक रिची व्हॅलेन्सने दुसरी सीट नाणं उडवून जिंकली. विमान मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात शेतात पडलं, पायलटसकट चौघेही गेले. हॉली २२ चा, व्हॅलेन्स १७ चा. इथे मरणाची गोष्टच टूरची गोष्ट आहे, धंदा कसा चालायचा, पोरांना कसं राबवायचे, ते सगळं त्यात येतं. शिवाय गाणी दोन-अडीच मिनिटांची, दोघांचं महत्त्वाचं काम एका बैठकीत ऐकून होतं. 'ज्या दिवशी संगीत मेलं' हे नाव मात्र १२ वर्षं नव्हतं हां, ते १९७१ मधल्या डॉन मॅकलीनच्या गाण्यातून आलं.

जयंतीला मी फारसा जात नाही. त्या दिवशी त्या माणसाने रडण्यापलीकडे काही गायलेलं नसतं, मग ऐकायचं काय, शेवटी सगळे बेस्ट ऑफ लावतात. अपवाद ८ जानेवारी. एल्विस त्या दिवशीचा (१९३५) आणि डेव्हिड बोवी पण त्याच दिवशीचा (१९४७), आणि बोवीने शेवटचा अल्बम 'ब्लॅकस्टार' २०१६ साली आपल्या ६९ व्या वाढदिवसालाच काढला आणि दोन दिवसांनी, १० तारखेला, गेला. आजार बाहेर कुणाला माहीत नव्हता. म्हणजे ८ ला ऐकणाऱ्यांनी एक अल्बम ऐकला आणि ११ ला तोच अल्बम लावला तर तो दुसराच काहीतरी झालेला. हे करून बघण्यासारखं आहे, तीन दिवसांच्या अंतराने दोनदा ऐका.

आता अल्बमची तारीख. कागदावर ही सगळ्यात चांगली दिसते, ४०-४५ मिनिटांचा माल ठरलेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा आणि मग बोलायचं. पण तारीख रबरासारखी ताणली जाते. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' १ जून १९६७ चा असं पुस्तकात असतं, ब्रिटनच्या दुकानांत तो २६ मेलाच येऊन पडला होता. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड' अमेरिकेत १ मार्च १९७३ ला आला, ब्रिटनमध्ये मार्चच्या मध्यावर, आणि पन्नाशीचा बॉक्स सेट काढला २४ मार्च २०२३ ला, घ्या आता कुठली घ्यायची ती. याचं कारण साधं आहे, जो तो देश आपापल्या सोयीने माल काढायचा, नंतर नंतर अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार असं बसलं, आणि सगळीकडे शुक्रवार हे थेट १० जुलै २०१५ पासून सुरू झालं. साठच्या दशकात तर तारीख सोडा, अल्बम पण वेगळा असायचा, बीटल्सचाच 'रबर सोल' ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९६५ ला १४ गाण्यांचा आणि तीन दिवसांनी अमेरिकेत १२ चा, त्यातली काही गाणीच बदललेली. त्यामुळे अल्बम घेणार असाल तर कुठल्या देशाची आवृत्ती ते आधी ठरवा, नाहीतर निम्मे जण एक घेऊन येतील आणि निम्मे दुसरी, आमच्याकडे झालंय हे.

दुसरी गोष्ट म्हणजे अल्बम निघाला त्या दिवशी बऱ्याचदा काहीच घडलेलं नसतं. कोबेनच्या निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबर १९९१ ला आला तेव्हा अमेरिकेत जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या होत्या, कंपनीला पण मोठी आशा नव्हती, आणि मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून तो पहिल्या नंबरवर गेला तो जानेवारी १९९२ मध्ये. खरी तारीख कुठली म्हणाल तर जानेवारीचीच वाटते, पण तरी मी सप्टेंबर घेईन, कारण त्याच २४ तारखेला रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' पण आलेत. एका दिवसात ग्रंज, फंक आणि जॅझवाला हिपहॉप, तीन वेगवेगळी माणसं खूश होतात.

जाता जाता, पन्नाशीच्या निमित्ताने जे अचानक जुनं न ऐकलेलं काहीतरी बाहेर येतं ते नेहमी प्रेमापोटी नसतं. युरोपात रेकॉर्डिंगचा हक्क ५० वरून ७० वर्षं केला, पण पन्नास वर्षांत प्रसिद्धच न केलेल्या रेकॉर्डिंगवरचा हक्क जातो. म्हणून २०१२ च्या शेवटी बॉब डिलनची १९६२ ची रेकॉर्डिंग्ज शंभरेक प्रतींत प्रसिद्ध करून टाकली, हक्क वाचला, झालं.

आणि आता माझा आवडता प्रकार, शोची तारीख. याला घड्याळ असतं, सुरुवात असते, शेवट असतो, आणि बहुतेक वेळा फिल्म पण असते. ३० जानेवारी १९६९ घ्या, बीटल्सचा गच्चीवरचा शो, ३ सॅव्हिल रो, लंडन, दुपारची जेवणाची वेळ, साधारण ४२ मिनिटं. तुमच्या संध्याकाळीत अगदी बसतो. पाचच गाणी पण नऊ वेळा वाजवलीत, त्यातलं 'गेट बॅक' तीनदा, त्यामुळे एकच गाणं पहिल्यांदा आणि तिसऱ्यांदा कसं बदललं हे ऐकायला मिळतं. थंडी इतकी की लेननने योकोचा फरकोट घातलाय आणि ड्रमर रिंगोने बायकोचा लाल रेनकोट. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकना बायकांचे स्टॉकिंग्ज गुंडाळलेत, एक पोरगा लेननसमोर शब्दांचा कागद धरून गुडघ्यावर बसलाय, आणि दुसऱ्या एका गाण्यात लेनन शब्द विसरून सरळ काहीतरी बडबडून मोकळा होतो. खाली ऑफिसवाल्यांच्या तक्रारी, मग पोलीस वर येतात. हे सगळं बघता बघता कुणाला मधे बोलावंसंच वाटत नाही, आमच्या सगळ्या संध्याकाळींमधली ही एकच होती जिथे कुणी फोन काढला नाही.

मोठ्या जलशांत वुडस्टॉक की लाइव्ह एड हा प्रश्न नेहमी येतो, ऑगस्ट की जुलै. वुडस्टॉक १५ ऑगस्ट १९६९ ला सुरू झालं, तीन दिवसांचं ठरलेलं आणि चौथ्या दिवशी संपलं, चार लाखांच्या वर माणसं एका डेअरीवाल्याच्या शेतात. हेंड्रिक्स सोमवारी १८ ला सकाळी वाजवायला आला तेव्हा बहुतेक गर्दी घरी गेली होती. नाव मोठं आहे पण संध्याकाळीला जड जातं, काय निवडायचं यावरच भांडणं होतात. करायचंच तर १८ ऑगस्टची सकाळ करा, फक्त हेंड्रिक्स, साधारण दोन तास, चहा घेऊन. लाइव्ह एड १३ जुलै १९८५, वेम्बली आणि फिलाडेल्फिया, सोळा तासांचं प्रकरण, पण त्यातला क्वीनचा तुकडा २१ मिनिटांचा आहे आणि तो बास. त्याच्यानंतर अर्धा तास फिल कॉलिन्सने एकाच दिवशी दोन्हीकडे वाजवण्यासाठी काँकॉर्ड या वेगवान विमानाने कसा समुद्र ओलांडला यावर बोला, माणसं हसतात. नवखी माणसं असतील तर लाइव्ह एड, मुरलेली असतील तर १८ ऑगस्ट.

टीव्हीवरच्या गोष्टींना मात्र सांभाळून. ९ फेब्रुवारी १९६४, बीटल्स एड सुलिव्हनच्या शोमध्ये, सुमारे ७ कोटी ३० लाख लोक बघत होते, ते लाइव्हच होतं, तिथे प्रश्न नाही. पण मायकल जॅक्सनचा मूनवॉक २५ मार्च १९८३ ला स्टेजवर झाला आणि टीव्हीवर दिसला १६ मेला. मी मे घेईन, कारण जगाने तेव्हा पाहिला.

सुरुवातीच्या तारखा पण वाईट नाहीत आणि जुलैत त्यांची जोडी मस्त लागते. ५ जुलै १९५४ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक यांनी कंटाळून मधल्या सुट्टीत टाइमपास म्हणून 'दॅट्स ऑल राइट' सुरू केलं आणि स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने ते टेप केलं. ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलमध्ये चर्चच्या जत्रेत १६ वर्षांचा लेनन १५ वर्षांच्या पॉल मॅकार्टनीला भेटला, पुढे दोघेही बीटल्समध्ये. दोन दिवस लागोपाठ, दोन्हीत कुणी मेलेलं नाही. शेवटाच्या तारखांच्या मात्र वाटेला जाऊ नका, बीटल्स नक्की कधी फुटले म्हणाल तर लेननने बाकीच्यांना सांगितलं सप्टेंबर १९६९ ला, पेपरात आलं १० एप्रिल १९७० ला, मॅकार्टनी कोर्टात गेला ३१ डिसेंबर १९७० ला आणि लेननने सही केली २९ डिसेंबर १९७४ ला, ती पण डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात.

तर मित्राला मी सहा दिल्यात: ८ जानेवारी, ३० जानेवारी, ३ फेब्रुवारी, ६ जुलै, १३ जुलै, २४ सप्टेंबर. तो म्हणाला जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी होतेय आणि वर्षाचा शेवट रिकामा. मग सातवी म्हणून ८ डिसेंबर घेतली, पण अट अशी की त्या रात्री लेननचं फक्त १९६९ पर्यंतचं लावायचं, आणि पावणेअकराच्या आत बंद करून उठायचं.