असुका: सायकल घ्या, पण बॅटरीवालीच

जपानच्या नारा प्रांतातल्या असुका या जुन्या राजधानीच्या गावी, स्टेशनसमोरच्या दुकानातून आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. आईला सीट उंच होतेय हे पाहून दुकानातल्या काकांनी न सांगताच पाना काढला. ब्रेक चोख, टायर टणक. नकाशा मात्र फक्त जपानीत, म्हणून एक स्टार कापला. पैसे वाचवायला साधी सायकल घेऊ नका. इशिबुताईच्या चढावर बाबा बॅटरीच्या जोरावर केव्हाच पुढे गेले आणि मी धापा टाकत ढकलतेय!

इशिबुताई म्हणजे वरची माती गेलेलं, उघडं पडलेलं थडगं. छताचा मोठा दगड सुमारे ७७ टनांचा. त्या काळचा बलाढ्य मंत्री सोगा नो उमाको याचं असावं म्हणतात. त्याचा नातू इरुका याला ६४५ साली इथल्याच राजवाड्यात, भर दरबारात कापलं, सत्ता पालटली आणि ताइका हा जपानचा पहिला राजशक सुरू झाला. राजवाड्याच्या जागी आता नुसती दगडी फरसबंदी. लहान मुलं कंटाळतील.

असुका-देरा या बौद्ध मंदिरातली ६०९ सालची बुद्धमूर्ती चुकवू नका. चेहऱ्यावरचे डागडुजीचे सांधे स्पष्ट दिसतात, फोटोही काढू देतात. इरुकाच्या मुंडक्याची समाधी पलीकडेच, शेताच्या कडेला. सायकल संध्याकाळी पाचच्या आत परत द्यायची असते, तेव्हा सकाळीच निघा.