गांडूळ की जिग? हिवाळा सरतानाची मासेमारी

थंडी ओसरताना जलाशयावर निघालेल्या मित्राने विचारलं, गळाला गांडूळ लावू की जिग, म्हणजे वजन जोडलेलं कृत्रिम आमिष, वापरू?

आधी पाणी पाहा. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे कडक थंडीत तळाचं पाणी वरच्यापेक्षा किंचित उबदार राहतं आणि मासे बरेचदा खोलात थांबतात. थंड रक्तामुळे त्यांचं पचन मंदावलेलं असतं, आमिषामागे ते धावत नाहीत. म्हणून घाई दोन्हीकडे नडते.

गांडूळ स्वस्त, आणि त्याचा वास मासा शोधत येतो. पण एकाच जागी बसून राहावं लागतं. चावाही इतका हलका, की जड तरंगणी जेमतेम थरथरते. बारीक तरंगणी, पातळ दोरी आणि लहान गळ घ्या.

जिगला खर्च जास्त, त्यात दगडाखुंटात अडकून हरवतात. मेहनतही खरी: तळाला टेकू द्यायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा टेकू द्यायचा आणि पाच-दहा सेकंद थांबायचं. बहुतेक चावे त्या थांबण्यातच येतात. फायदा एवढाच, की तासाभरात बराच काठ चाचपता येतो.

मासे कुठे आहेत ते ठाऊक असेल, किंवा सोबत मुलं असतील, तर गांडूळच. जागा अनोळखी असेल तर जिग. सलग दोन-तीन दिवस ऊन पडलं असेल, तर दुपारी उथळ, गाळाच्या कोपऱ्याकडे वळा. काळा तळ लवकर तापतो, आणि तिथे मी जिगच निवडेन.