लंडनचे सर्वोच्च न्यायालय : विनामूल्य भेट, पण थोडी तयारी करून

लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरला जाणारे बहुतेक पर्यटक संसदेचे आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे फोटो काढून परततात. समोरच मिडलसेक्स गिल्डहॉल या १९१३ च्या इमारतीत ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय आहे. तिथे तिकीट लागत नाही आणि सुरक्षा तपासणी झाली की चालू सुनावणीला कोणालाही बसता येते. दर्शनी भागावरचे मॅग्ना कार्टा या राजसत्तेला मर्यादा घालणाऱ्या जुन्या सनदेचे शिल्पपट देखणे आहेत, पण माझ्या मते या भेटीचे खरे मोल ब्रिटनच्या अपील न्यायाधीशांचा इतिहास समजण्यात आहे.

हे न्यायालय सुरू झाले १ ऑक्टोबर २००९ रोजी. तोवर देशातले शेवटचे अपील हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृहच ऐकत असे. एकेकाळी कायद्याचा गंध नसलेले उमरावही त्यात मत देऊ शकत, आणि आयरिश नेते डॅनियल ओ'कॉनेल यांच्या १८४४ च्या खटल्यात अशी मते न धरता निकाल लागल्यावर ती प्रथा मोडली. पगारी, तहहयात ‘लॉ लॉर्ड्स’ (सभागृहात अपिले ऐकणारे कायदेतज्ज्ञ न्यायाधीश) नेमण्याची सोय १८७६ च्या कायद्याने झाली आणि पहिल्या दोन नेमणुका ब्लॅकबर्न व गॉर्डन यांच्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीच्या ठोकाठोकीत काही ऐकू येईना, म्हणून हे न्यायाधीश समितीच्या खोलीत बसू लागले आणि तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था २००९ पर्यंत टिकली! या मंडळात पहिली स्त्री, ब्रेंडा हेल, येण्यास २००४ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर आतली मांडणी बोलकी वाटते. न्यायाधीश उंच मंचावर नव्हे, तर वकिलांच्याच पातळीवर अर्धवर्तुळाकार मेजामागे बसतात, आणि त्यांच्या अंगावर झगा नसतो की डोक्यावर टोप. पायाखालच्या गालिच्यावर चित्रकार पीटर ब्लेक यांनी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांची चार वनस्पतिचिन्हे गुंफली आहेत. चित्रपटातला थाट पाहायला गेलेल्याची निराशा होईल, मला मात्र हा साधेपणा आवडला.

मराठी वाचकाने तिसऱ्या दालनाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती, म्हणजे ब्रिटिश वसाहतींतली अपिले ऐकणारे न्यायमंडळ, आता तिथे बसते. ताईमहाराज प्रकरणात, म्हणजे दत्तकाच्या वादात, मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून लोकमान्य टिळकांच्या बाजूने निकाल १९१५ मध्ये याच समितीने दिला, अर्थात तेव्हा तिचे कामकाज डाउनिंग स्ट्रीटवर चाले. पुढे मुकुंदराव जयकर १९३९ मध्ये तिचे सदस्य झाले. भारतातून तिकडे जाणारी अपिले १९४९ मध्ये थांबली, पण कॅरिबियनमधील काही देशांची अपिले आजही तिथेच चालतात.

जाण्यापूर्वी न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या प्रकरणाची माहिती अवश्य वाचावी, अन्यथा करविषयक कलमांवरचा तासाभराचा युक्तिवाद डोळ्यांवर झापड आणील. अधिवेशन चालू आहे ना, हेही पाहावे, कारण सुट्टीच्या काळात दालने रिकामी असतात. लंडन गाठणे शक्य नसेल, तर सुनावणीचे थेट प्रक्षेपण घरबसल्या फुकट पाहता येते. ती बहुधा तिकडच्या सकाळी साडेदहाला सुरू होते, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे तीन आणि हिवाळ्यात चार वाजलेले असतात.