‘आय टोल्ड यू सो’: आठ महिने ऐकल्यानंतर, बेल्ट बदलल्यावर

मागच्या शनिवारी टर्नटेबलचा (रेकॉर्ड फिरवणारा रबरी) बेल्ट बदलला आणि लक्षात आलं, की आठ महिने मी डेल्व्हन लमार ऑर्गन ट्रिओच्या ‘आय टोल्ड यू सो’ या रेकॉर्डबद्दल चुकीचं बोलत होतो. दोन मित्रांना तर ‘घेऊ नका’ असं स्पष्ट सांगून बसलो होतो. ते परत घेण्यासाठी हे लिहितोय.

ट्रिओ म्हणजे ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स वाजवणारे तिघे, यापलीकडे त्यांची ओळख करून देत बसत नाही. सिअ‍ॅटलच्या केईएक्सपी रेडिओवरचं त्यांचं यूट्यूबवरचं वादन बहुतेकांनी पाहिलं असेल. मीही तिथूनच यांच्याकडे आलो. २०१८ साली ‘क्लोज बट नो सिगार’ बिलबोर्डच्या कंटेम्पररी जॅझ यादीत पहिला आला, तेव्हापासून यांचा श्रोता वाढतच गेलाय. ‘आय टोल्ड यू सो’ जानेवारी २०२१चा. नऊ ट्रॅक, गाणं कुठेच नाही, फक्त वाद्यं. मी एलपीला ३,१५० रुपये मोजले. ट्रॅकमागे साडेतीनशे पडले, म्हणून प्रत्येक ट्रॅक कान देऊन ऐकला.

आणि तिथेच खटकलं. लमार जिथे सूर लांब धरतो, तिथे तो सूर डुलायचा. आधी वाटलं, हा लेस्ली असणार. लमार वाजवतो त्या विजेवरच्या हॅमंड ऑर्गनच्या जोडीला लेस्ली स्पीकर असतो, त्यात आवाजाचा कर्णा गोल फिरतो आणि सुराला लाट येते. कर्णा सावकाश फिरत असला की एका फेरीला सेकंदाहून जास्त लागतो. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. दोन्ही लाटा इतक्या जवळच्या, की कान फसतो. मी महिनोन्‌महिने ‘लेस्लीचा अतिरेक केलाय’ म्हणत राहिलो. ‘केअरलेस व्हिस्पर’ तर भरतीचा ट्रॅक म्हणून सोडूनच द्यायचो. जॉर्ज मायकलच्या मूळ गाण्याची ओळखच सॅक्सोफोन, आणि इथे सॅक्सोफोनच नाही.

शंका आली ती गिटारमुळे. गिटारवाल्या जिमी जेम्सचे तुटक ठोके चालू असतात तोवर काही कळत नाही, पण एकदा त्याने कॉर्ड वाजवून ती घुमत ठेवली आणि तीही ऑर्गनबरोबर खाली झुकली. गिटार काही लेस्लीतून येत नाही! शिवाय हॅमंडच्या आत दातेरी चकत्या सिंक्रोनस मोटरवर फिरतात, मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली, त्यामुळे ते वाद्य सहसा बेसूर होतच नाही. म्हणजे डुलत होतं ते माझं टर्नटेबल, त्याचा वेग कमीजास्त होत होता.

माझ्याकडच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर हे कधी जाणवलं नव्हतं. तिथेही ऑर्गन आहे, आपल्या रंगभूमीवर पायाने भाता मारायचा ऑर्गन बालगंधर्वांच्या काळापासून आहे. पण वर गळा मींड घेत असतो, त्यात एवढा हेलकावा सहज लपतो.

सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडताच सांगितलं, ‘मोटर गेली, २,८०० होतील.’ मी म्हटलं, आधी बेल्ट बघा. ‘बेल्टला काही होत नाही साहेब.’ नागपूरच्या उन्हाळ्यात रबराला काही होत नाही? चांगली वादावादी झाली, तपासणीचे म्हणून ३०० रुपयेही घेतले, ते अजून सलतायत. घरी येऊन कागदावर वेग तपासायची १८० रेघांची स्ट्रोब चकती छापली आणि स्वयंपाकघरात चोकवाल्या, विजेबरोबर लुकलुकणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटखाली प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर ठेवली. (एलईडीखाली बहुतेक वेळा दिसत नाही.) वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या रेघा मागे सरकायच्या, थबकायच्या, पुन्हा सरकायच्या. ३८० रुपयांचा बेल्ट मागवला. जुना त्याच्याशेजारी धरला तर दोन बोटं लांब भरला. नवा चढवला आणि रेघा थांबल्या.

आता रेकॉर्डबद्दल. बेस गिटारवाला या ट्रिओत नाहीच, बेस लमारचा डावा हात वाजवतो. हे मला माहीत होतं, पण ऐकू आलं नव्हतं. आता येतं. उजवा हात वर कितीही भटकू दे, डावा ड्रमवाल्या ग्रँट श्रॉफच्या किक ड्रमला (पायाने वाजवायच्या) चिकटून चालतो, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत हे विसरायला होतं. ‘केअरलेस व्हिस्पर’बद्दलचं मत पूर्ण मागे घेतो. आता मी बाजू तिथूनच सुरू करतो.

तक्रार एकच उरली: किंमत. तेवढ्या पैशांत जुन्या बाजारात सहा एलपी येतात, आणि या बँडचा अल्बम तुम्ही पहिल्यांदाच घेणार असाल तर केईएक्सपीचं वादन आधी फुकट ऐका, मग ठरवा.

दोन्ही मित्रांना फोन केला. एकाने मागवली. दुसरा म्हणतो, ‘आधी तुझ्याकडे येऊन ऐकतो.’ रविवारी येतोय. स्ट्रोबचा कागद जपून ठेवलाय, त्यालाही त्याचं टर्नटेबल तपासायचंय.