समोरच्या काचेचं बटण: अकरा महिने आणि चौदा हजार किलोमीटरनंतर

मायलेज किती, डिकी केवढी, सनरूफचा उपयोग काय, हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार. त्यात माझी भर नको. मला लिहायचंय ते समोरच्या काचेवरचं धुकं घालवायच्या बटणाबद्दल, म्हणजे ते या गाडीत नाही याबद्दल. मॉडेलचं नाव देत नाही, कारण हा रोग आता एका कंपनीपुरता राहिलेला नाही.

झालं असं. पहाट, बाहेर मुसळधार पाऊस, गाडीत आम्ही पाच जण आणि पायाशी निथळणाऱ्या छत्र्या. पंधरा मिनिटांत काच खालून वर पांढरी होत आली. जुन्या गाडीत याला एकच इलाज होता. हात पुढे करायचा, जाड गोल खटका सापडेपर्यंत चाचपायचं आणि शेवटपर्यंत फिरवायचा. डोळे रस्त्यावरून हलत नसत. या गाडीत आधी नकाशा बाजूला सारायचा, मग खालच्या पट्टीत पंख्याचं चित्र दाबायचं, मग जे पान उघडेल त्यात काचेचं चित्र शोधायचं. तीन टॅप. त्यातही काचेची चित्रं दोन, एक पुढच्या काचेचं आणि एक मागच्या. माझं ओलं बोट पडलं मागच्यावर. पुन्हा दाबलं, तर स्क्रीनच गोठली.

ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरपेक्षा जास्त जाते. मी स्क्रीनकडे चार सेकंद तरी बघत होतो. बायको ओरडली, "अहो, समोर!" समोर ट्रकचे लाल दिवे काचेवरच्या वाफेत विरघळल्यासारखे दिसत होते. ब्रेक लागला, काही झालं नाही. धोक्याच्या दिव्यांचं बटण नशिबाने अजून खरंखुरं, दाबता येणारं आहे. ते दाबलं, गाडी कडेला घेतली, चारही काचा खाली केल्या, समोरची पंच्याने पुसायला घेतली आणि आम्ही पाच जण आतल्या आत भिजलो. मागून आई म्हणाली, "एवढे पैसे घालून पंचाच वापरायचा होता, तर जुनी काय वाईट होती?"

त्या वाक्याने मी कामाला लागलो.

पहिलं काम फुकटातलं होतं, म्हणून त्याच रविवारी केलं. पुस्तिका काढली आणि आपण या केबिनमध्ये नीट बसतो तरी का, ते तपासलं. नीट बसत नव्हतो. सीट मी पार खाली ठेवली होती, कारण दाखवायला आणलेली गाडी तशीच होती. उंची वाढवणारा खटका सीटच्या बाजूला होता, दहा महिने त्याला हात लागला नव्हता. सीट वर घेतली आणि बॉनेटची कड दिसायला लागली. पाठ टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं आणि छाती एअरबॅगच्या झाकणापासून निदान २५ सेंटिमीटर दूर राहावी, असं अंतर जमवलं. बायकोला तिच्या बाजूला पाय डॅशबोर्डवर टेकवायची सवय होती. तिथल्या एअरबॅगच्या झाकणाची रेष दाखवून म्हटलं, हे फुटतं तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटतं, आणि तुझा गुडघा त्याच्या वाटेत आहे. पाय खाली गेले. हेडरेस्ट मानेपाशी होता, तो डोक्याच्या उंचीला आणला. मानेला टेकायची ती उशी नव्हेच. मागून धक्का बसला तर डोकं मागे फेकलं जाऊ नये, एवढंच तिचं काम.

बाजूच्या आरशांनी मात्र खरंच चकित केलं. आपल्याच गाडीचा दरवाजा आरशात दिसला की मला बरं वाटायचं. पण तो दरवाजा कुठे पळून जाणार आहे? डोकं खिडकीला टेकवून आपल्या बाजूचा आरसा असा लावायचा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून पलीकडचा तसाच लावायचा. सरळ बसलं की स्वतःची गाडी आरशांतून जवळजवळ गायब होते आणि शेजारच्या लेनमधला जो तुकडा कधीच दिसत नव्हता तो दिसतो. पहिले चार दिवस डोकं गरगरतं. आता जुना कोन सहन होत नाही. तरी लेन बदलताना मान वळवून बघणं सोडलेलं नाही.

आता सर्व्हिस सेंटर.

जॉब कार्डवर त्यांनी लिहिलं, "एसी कूलिंग कमी." मी म्हटलं, कूलिंगची तक्रारच नाही. लिहा की काच साफ करायला तीन टॅप लागतात आणि पावसात स्क्रीन बंद पडली. तक्रारी लिहून घेणाऱ्या अॅडव्हायजरने निमूट टाइप केलं. पाठमोऱ्या मॉनिटरवर वाकून बघितलं तर तिथे होतं, "ग्राहकाला फीचर्सचा डेमो हवा." दोन दिवसांनी गाडी परत आली. शेरा, "तपासले, दोष आढळला नाही. सॉफ्टवेअर अपडेट केले." त्या अपडेटने काय केलं असेल? पंख्याचं चित्र उजवीकडून डावीकडे नेलं. बोटाला अकरा महिन्यांत जी काही सवय झाली होती तीही गेली.

घरी येऊन मी रागाने शोधाशोध केली, तेव्हा कळलं की या तक्रारीत मी एकटा नाही. स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्व्हो व्ही ७० घेऊन ताशी ११० च्या वेगात चार साधी कामं करून पाहिली. सीट गरम करणं, रेडिओ लावणं, अशी. बटणांच्या जुन्या गाडीत चारही कामं १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यांत संथ स्क्रीनवाल्या गाडीत ४४.६ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. सव्वा किलोमीटरहून जास्त, पडद्यात डोकं घालून! युरोपातल्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपने त्यानंतर जाहीर केलं की २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायची सोय, यांना खरी बटणं द्या. वाचून टाळी वाजवणार होतो. पण त्या पाचांत समोरच्या काचेचं धुकं कुठे आहे? वायपर बाहेरून पुसतो. आतून आंधळं झालेल्या माणसाचं काय?

इथवर मी दोन तारे ठरवून ठेवले होते. पण पुढचं लपवणं बरोबर नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अॅडव्हायजरला बाजूला ठेवून थेट मागे शेडमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने माझं सगळं ऐकून घेतलं, पंखा फुल करायला सांगितला आणि काचेच्या बुडाशी तळहात धरला. "साहेब, स्क्रीनचं नंतर बघू. इथे वाराच नाही." त्यांनी ग्लव्हबॉक्स उतरवला, मागून केबिन फिल्टर ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. वाळकी पानं, एक पीस, आणि गोधडीसारखी जमलेली करडी धूळ. प्रकाशासमोर धरला तर पलीकडचं काही दिसेना. काचेवर जाणारी सगळी हवा याच्यातून यायची होती.

"मागच्या सर्व्हिसला बदलला नव्हता?"

नव्हता. एस्टिमेटमधली ती ओळ मीच पेन मागून खोडली होती. एसी गार लागतोय ना, मग कशाला, असा माझा हिशेब.

दुसरी चूकही माझीच. धूर आणि धूळ नको म्हणून मी बाराही महिने आतलीच हवा फिरवत ठेवत होतो. त्यांनी समजावलं ते इतकं साधं होतं की लाज वाटली. पाच माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्या, एवढी वाफ आत कोंडली तर ती थंड काचेवर बसणारच. बाहेरची हवा आत घ्यायची आणि एसी चालू ठेवायचा. एसी फक्त गारव्यासाठी नसतो, तो हवेतलं पाणी काढून घेतो. म्हणून काच साफ करताना तापमान वाढवलं तरी चालतं, एसी मात्र बंद करायचा नाही. मी नेमका तो बंद करायचो, पेट्रोल वाचवायला.

शिवाय धुकं दोन जातीचं. बाहेर दमट उकाडा आणि आत कडक एसी काचेवर सोडलेला असेल तर वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. तेव्हा आतून कितीही पुसा, काही होत नाही. एकदा वायपर मारायचा. पुसलं गेलं तर धुकं बाहेरचं, मग काचेवरचा थंड झोत बंद करून तापमान थोडं वाढवायचं. नाही गेलं तर आतलं. त्या पंच्याने मी काच आणखी तेलकट करून ठेवली होती, आणि मळलेल्या काचेवर धुकं लवकर धरतं. धुतलेल्या कोरड्या कापडाने आतून दोनदा पुसली, तेव्हा कापड पिवळट निघालं. रात्री समोरच्या दिव्यांभोवती जे वलय दिसायचं ते मी चष्म्याच्या नंबरवर ढकलत होतो. ते बरंचसं तेव्हाच गेलं.

नवीन फिल्टर, बाहेरची हवा, एसी चालू. आता काच मिनिटभरात कडेपासून साफ होत येते. म्हणजे निम्मा दोष माझा. लिहून टाकलं, विषय संपला.

उरलेला निम्मा मी सोडणार नाही. तीन टॅप आहेत ते आहेतच.

आणि यातच ती गोष्ट घडली ज्यामुळे मी हे लिहायला बसलो. स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली एक चांदणीचं बटण आहे. त्यावर मी रेडिओचं स्टेशन ठेवलं होतं. मुलीने मागच्या सीटवर बसून पुस्तिका चाळली आणि म्हणाली, "बाबा, यावर काचेचं पण ठेवता येतं." बटण दाबून धरायचं, यादी उघडते, खाली सरकायचं, शेवटून दुसरं. ठेवलं. दाबलं. पंखा गर्जत सुरू झाला, आतली हवा आपोआप बंद झाली, एसी लागला. एक दाब, नजर न हलवता. शोरूममध्ये अर्धा तास ज्याने केबिनमधल्या दिव्यांचे चौसष्ट रंग दाखवले, त्याला हे सांगायला दहा सेकंद मिळाले नाहीत.

मग मनात किडा वळवळला. स्क्रीन गोठली तर हे चालेल का? गाडी उभी असताना आवाजाचं बटण दहा-बारा सेकंद दाबून धरलं, स्क्रीन काळी झाली, ती पुन्हा सुरू व्हायच्या आत चांदणी दाबली. पंखा सुरू! म्हणजे हवेचं यंत्र स्क्रीनवर अवलंबून नाहीच. तार आहे, यंत्र आहे, डॅशबोर्डवर चकचकीत काळ्या प्लास्टिकची वीतभर रिकामी जागा आहे. फक्त बटण दिलेलं नाही. आनंदही झाला आणि राग दुप्पट झाला.

पुस्तिकेत आणखी एक जुनी ओळख निघाली. पेट्रोलच्या काट्याशेजारी जो बारीक बाण असतो, झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारा, तो फोर्डमध्ये काम करणाऱ्या जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवला. कंपनीची अनोळखी गाडी पंपाला चुकीच्या बाजूने लावली आणि पावसात भिजले, म्हणून. पावसात भिजून त्यांनी जगाला बाण दिला. माझ्या गाडीच्या स्क्रीनचं काम करणाऱ्यांपैकी कोणी पावसात गाडी चालवली असेल का, मला शंका आहे.

बाकी थोडक्यात. पायाखाली मॅटवर मॅट टाकू नका, वरची सरकून ब्रेकखाली जाते. माझी एकदा गेली, तेव्हापासून एकच, हुकात अडकवलेली. आतल्या आरशाखालची दांडी रात्री ओढा, मागच्याच्या दिव्यांचा त्रास जातो. मागे बसणाऱ्यांच्या बेल्टची टुंगटुंग मी बंद करायला निघालो होतो, आईने बेल्ट लावायला सुरुवात केली आणि ती आपोआप बंद झाली. सीट कापडाच्याच घ्या. सनरूफ दोनदा उघडलं, दोन्ही वेळा मुलीने.

सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, "साहेब, फीडबॅकला पाच द्याल ना?" मेकॅनिकला पाच दिले, गाडीला तीन. चौथा त्या चांदणीच्या बटणाचा होता, तो मी शोरूमवाल्याच्या नावावर कापला.

केबिन फिल्टर आता मी स्वतः बदलतो, मजुरी वाचते. ग्लव्हबॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागची पट्टी काढायची आणि फिल्टर सरकवायचा. हवा कुठल्या दिशेने जाते ते दाखवणारा बाण त्याच्यावरही छापलेला असतो. पहिल्यांदा मी तो उलटा बसवला.